‘वकीलबाई’ आणि प्रेक्षक : एका चरित्रपटाच्या निमित्ताने

मंगरूळपीर येथील एका महाविद्यालयाच्या सभागृहात काही काळापूर्वी ‘ऑन द बेसिस ऑफ सेक्स’ हा अमेरिकन चरित्रपट दाखविण्यात आला. मिमी लेडर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला असून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती कै. रूथ बेडर गिन्सबर्ग (१९३३–२०२०) यांच्या वकिलीच्या आरंभकाळावर तो आधारलेला आहे. प्रेक्षकांत विद्यार्थी व विद्यार्थिनी होत्याच. शिवाय गावातील काही वृद्ध गृहस्थ, शिक्षक, दोन-तीन वकील, आणि मुलींबरोबर आलेल्या त्यांच्या आया व आज्या यांचाही भरणा बराच होता. संवाद इंग्रजी असल्यामुळे मधून मधून चित्रपट थांबवून मराठीत निवेदन करण्याचे काम प्रस्तुत लेखिकेकडे आले होते. निवेदकाची एक सोय असते. पडद्याकडे पाठ करून उभे राहावे लागत असल्याने चित्रपटापेक्षा प्रेक्षकच त्याच्या अधिक दृष्टीस पडतात. त्या दिवशी वहीत जी टिपणे झाली त्यांना शास्त्रीय पाहणीचा दर्जा नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. परंतु त्यांतून एक प्रश्न निघाला, आणि तो प्रश्न आपल्याकडील पहिल्या स्त्री-वकिलांच्या इतिहासाशी जाऊन भिडतो असे आढळून आल्यामुळे हा लेख लिहावा असे वाटले.

पहिली अडचण चित्रपट सुरू होण्यापूर्वीच उभी राहिली. सूचनाफलकावर चित्रपटाच्या नावाचा मराठी अर्थ काय लिहावा? ‘लिंगाच्या आधारावर’ हे शब्दशः भाषांतर चुकीचे नव्हते. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात धर्म, वंश, जात यांच्या पंक्तीला ‘लिंग’ हाच शब्द आलेला आहे. तरीही गावातील फलकावर तो लिहिण्यास हात धजेना. शेवटी ‘स्त्री म्हणून, पुरुष म्हणून’ अशी सौम्य शब्दयोजना केली. गंमत अशी की, हीच अडचण खुद्द गिन्सबर्ग यांनाही आली होती. त्यांचे लेख टंकलिखित करणाऱ्या त्यांच्या साहाय्यिकेने त्यांना सुचविले की पानोपानी ‘सेक्स’ हा शब्द आला तर न्यायमूर्तींचे चित्त भलतीकडे जाईल, त्याऐवजी व्याकरणातला ‘जेंडर’ हा शब्द का वापरू नये? ही हकीकत गिन्सबर्ग स्वतः सांगत असत. इंग्रजीत दोन शब्द होते म्हणून ही पळवाट निघाली. मराठीत व्याकरणातले लिंग आणि शरीराचे लिंग यांस शब्द एकच. अलीकडे अभ्यासक ‘लिंगभाव’ असा शब्द योजतात. पण तो ग्रंथांतून अद्याप ओसरीवर उतरलेला नाही.

चित्रपटाच्या आरंभीचा एक प्रसंग असा आहे. १९५६ साली हार्वर्डच्या विधि-महाविद्यालयात सुमारे ५०० विद्यार्थ्यांच्या वर्गात अवघ्या नऊ स्त्रिया दाखल झाल्या. अधिष्ठाता ग्रिस्वोल्ड यांनी त्यांना घरी भोजनास बोलाविले आणि एकेकीस विचारले की, एखाद्या पुरुषाला मिळू शकली असती अशी जागा तुम्ही का अडविली? तरुण रूथ उत्तर देते की, माझे पती वरच्या वर्गात आहेत. त्यांचे काम मला समजावे आणि मी अधिक समजूतदार पत्नी व्हावे म्हणून मी आले. प्रसंग ऐतिहासिक आहे. सभागृहात पुढील रांगांतील मुली या उत्तरावर खळखळून हसल्या, कारण त्यातील वक्रोक्ती त्यांना तत्काळ समजली. मागील रांगेतील दोन वृद्धांनी मात्र मान डोलावली. उत्तर त्यांना मनापासून पटले होते. एकाच वाक्यावर एकाच क्षणी दोन परस्परविरुद्ध प्रतिसाद उमटावेत, आणि दोन्ही पक्षांस दुसऱ्याचा प्रतिसाद कळूही नये, हे निवेदकाच्या जागेवरूनच दिसू शकते.

पुढे पती मार्टिन यांस कर्करोग होतो. रूथ स्वतःच्या वर्गांबरोबर पतीच्या वर्गांनाही बसते, रात्री त्याची टिपणे टंकित करते, लहान मुलीला सांभाळते. येथे आज्यांच्या रांगेत पदर डोळ्यांना लागले. हा सगळा भाग निवेदनावाचून समजला, कारण त्याची गोष्ट त्यांच्याजवळ आधीपासूनच होती. वटपौर्णिमेला जी कथा दरवर्षी ऐकली, तीच येथे परक्या वेशात आली. सावित्री यमाशी वाद घालून जिंकली, हेही तसे पाहिले तर वकिलीचेच उदाहरण. पण या बायांच्या मनात सावित्री वकील म्हणून नाही, पतिव्रता म्हणून आहे. रूथही त्याच मापाने मोजली गेली.

तिसरी प्रतिक्रिया मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्रपटाचा कळस ज्या खटल्यावर रचला आहे, तो खटला चार्ल्स मोरिट्झ या अविवाहित पुरुषाचा. नोकरीनिमित्त त्याला बाहेर राहावे लागे, म्हणून वृद्ध आईच्या शुश्रूषेसाठी त्याने पगारी बाई ठेवली आणि त्या खर्चापोटी प्राप्तिकरात ६०० डॉलरांची वजावट मागितली. स्त्रियांना, विधुरांना व घटस्फोटितांना ही सवलत होती. ज्याचे लग्नच झाले नाही अशा पुरुषास नव्हती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा करणारा अविवाहित मुलगा असू शकतो, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीच आले नव्हते. गिन्सबर्ग पतिपत्नींनी हा दावा डेन्व्हर येथील अपील न्यायालयात चालविला आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये तो जिंकला. स्त्रियांवरील अन्यायाची वाट पुरुषावरील अन्यायाच्या दाराने खुली करावयाची, अशी ती योजना होती.

मंगरूळपीरच्या प्रेक्षकांना कराचा कायदा समजावून सांगण्याची मी बरीच तयारी केली होती. ती वाया गेली. ‘आईची सेवा करतो त्यालेच सूट नाही?’ असा एका आजीचा उद्गार आला आणि सगळे सभागृह मोरिट्झच्या बाजूचे झाले. ज्या प्रदेशातून दरवर्षी पंढरीची वाट धरली जाते तेथे मातृपितृसेवक पुत्र म्हणजे पुंडलिक. पुंडलिकास सरकार कर लावते, हे ऐकून कोण स्वस्थ बसेल? गिन्सबर्ग यांची योजना डेन्व्हरच्या न्यायमूर्तींवर जितकी लागू पडली, तितकीच, किंबहुना अधिक, ती येथे लागू पडली. परंतु याच ठिकाणी ती निसटलीही. कारण सहानुभूती पुंडलिकाकडे गेली ती तेथेच राहिली. त्याच्यामागे उभ्या असलेल्या वकिलाकडे ती पोचली नाही. चित्रपट संपल्यावर ‘कोण आवडले?’ असे विचारता वडीलधाऱ्या मंडळींची उत्तरे दोनच आली: नवऱ्यासाठी झटणारी ती, आणि आईसाठी झटणारा तो. विद्यार्थिनींचे उत्तर वेगळे होते. रस्त्यात शीळ घालणाऱ्या मजुरांना भर पावसात खडसावणारी रूथची तरुण मुलगी जेन त्यांना अधिक आवडली, आणि सर्वांत मोठी टाळी तिलाच पडली होती. या सर्वांत वकील रूथ कोठे होती?

मराठी प्रेक्षकास चरित्रपट पाहण्याची सवय संतपटांनी लावली, हे विसरून चालणार नाही. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा बोलपट १९३६ चा. विष्णुपंत पागनीस यांना लोक तुकाराम मानूनच भेटत, असे सांगितले जाते. त्या परंपरेतील चरित्रपटाचा साचा ठरलेला असतो: सज्जन नायक, त्याचा छळ, धर्मपीठासमोर परीक्षा, आणि अखेरीस सर्वांदेखत साक्षात्कार. न्यायालयाच्या चित्रपटांत धर्मपीठाच्या जागी न्यायपीठ येते आणि साक्षात्काराच्या जागी शेवटचे भाषण. या साच्याचे ओझे अमेरिकन चित्रपटकर्त्यांवरही आहेच. चित्रपटात रूथ प्रथम अडखळते आणि मग सावरून प्रभावी भाषण करते. आपण असे अडखळलो नव्हतो, असे गिन्सबर्ग यांनी स्वतः सांगितले. स्त्री-पुरुषांत भेद करणाऱ्या सर्व संघीय कायद्यांची संगणकाने काढलेली यादी चित्रपटात सुनावणीपूर्वीच त्यांच्या हाती येते. वस्तुतः ती सरकारपक्षाने अपील न्यायालयातील पराभवानंतर सर्वोच्च न्यायालयाकडे केलेल्या अर्जास जोडली होती, आणि तो अर्ज करणारे महान्यायअभिकर्ता म्हणजे हार्वर्डचे तेच ग्रिस्वोल्ड. हा योगायोग कोणत्याही कल्पित प्रसंगाहून सरस आहे. पण साक्षात्कारापूर्वी शस्त्र हाती आले पाहिजे, म्हणून कालक्रम बदलला गेला. चित्रपटाच्या पूर्वझलकेतील एका वाक्यावर तर अमेरिकेतील प्रेक्षकांनीच आक्षेप घेतला. राज्यघटनेत ‘स्त्री’ हा शब्द एकदाही नाही, असे न्यायमूर्ती म्हणतात. तेव्हा ‘स्वातंत्र्य’ हा शब्दही नाही, असे नायिका उत्तरते. घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत तो शब्द आहे, हे चाणाक्ष प्रेक्षकांनी तत्काळ दाखवून दिले. शब्द आहे की नाही यावरून उसळलेली ही चर्चा वरवर क्षुल्लक दिसते. परंतु वकिलीच्या व्यवसायात स्त्रीचा प्रवेश कोठेही झाला तो शब्दांच्या अशाच तपासणीतून झाला, आणि आपल्याकडे तर विशेषच. त्याकडे आता वळावयाचे आहे.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालविली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया पदवीधर झाल्या आणि त्यांची गुणवत्ता अशी होती की, पुरुष असत्या तर विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. ती नाकारण्यात आली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन करून, इंग्लंडातील हितचिंतकांनी जमविलेल्या निधीवर त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. त्या हितचिंतकांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. १८९२ मध्ये विशेष ठराव होऊन त्यांना कायद्याच्या पदवीपरीक्षेस बसू देण्यात आले. परीक्षा झाली, पदवी मात्र मिळाली नाही. स्त्रियांना पदव्या देण्यास ऑक्सफर्डने १९२० मध्ये आरंभ केला आणि कॉर्नेलियाबाईंची पदवी त्यांच्या हाती पडली ती १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी.

मधल्या काळात त्या न्यायालयात उभ्या राहिल्याच नाहीत असे नाही. फौजदारी कामात न्यायालयाच्या अनुमतीने सनदी वकिलाखेरीज अन्य व्यक्तीसही आरोपीची बाजू मांडता येत असे, आणि या तरतुदीचा आधार घेऊन १८९६ मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात त्यांनी बचावाचे काम केले. संस्थानांतही त्यांनी कामे घेतली. त्यांतील एक हकीकत ‘इंडिया कॉलिंग’ या १९३४ सालच्या आत्मचरित्रात आहे. दावा होता एका हत्तीच्या वतीने, त्याला वंशपरंपरेने दिलेल्या उत्पन्नाबद्दल. बाई युक्तिवादाची तयारी करून गेल्या तो राजेसाहेब झोपाळ्यावर बसलेले. त्यांचा कुत्रा बाईंकडे गेला, त्याला बाई आवडल्या, आणि तेवढ्यावरून निकाल बाईंच्या बाजूने झाला. युक्तिवाद बोलण्याचे कारणच उरले नाही.

ही गोष्ट सांगितली की श्रोते हसतात, आणि हसावे अशीच ती आहे. पण तिच्यात पहिल्या स्त्री-वकिलाची खरी अवस्था उतरली आहे. ती न्यायालयात आली म्हणजे प्रथम ‘पाहिली’ जात असे. ऐकली जाईलच असा नेम नव्हता. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री-बॅरिस्टर मिठन टाटा, पुढे मिठन लाम, यांचा अनुभवही याच जातीचा आहे. लिंकन्स इन येथून १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन त्या परत आल्या आणि मुंबईत काम करू लागल्या, तेव्हा ग्रंथालयाच्या व विश्रांतिकक्षाच्या दारांखिडक्यांतून लोक डोकावून पाहात. प्राणिसंग्रहालयात नवा प्राणी आणावा तशी आपली स्थिती होती, असे त्यांनी आठवणींत नमूद केले आहे. त्यांना मिळालेल्या पहिल्या कामाचे कारण तर मासलेवाईक होते. पक्षकाराची बाजू इतकी भक्कम होती की, हरण्याची भीतीच नव्हती; प्रतिपक्षाची मानखंडना व्हावी, स्त्रीकडून हरल्याची नामुष्की त्याच्या पदरी पडावी, म्हणून त्याने मुद्दाम बाईंना नेमले. बाई जिंकल्या, पण ज्या प्रेक्षकांसाठी हा खेळ मांडला होता त्यांनी पाहिला तो एका पुरुषाचा अपमान. याच मिठनबाई १९४७ मध्ये मुंबईच्या पहिल्या स्त्री-शेरीफ झाल्या आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

आता त्या शब्दाकडे. कॉर्नेलियाबाईंनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवीपरीक्षा व १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण केली. तरी सनद मिळाली नाही. पुढे १९१६ मध्ये रेजिना गुहा या पदवीधर स्त्रीने कलकत्त्यास सनदेसाठी अर्ज केला, तेव्हा तो पाच न्यायमूर्तींच्या पूर्णपीठासमोर गेला. १८७९ च्या वकिलांच्या कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते काय, हा मुद्दा होता. कायद्यात त्या व्यक्तीसाठी सर्वनाम पुल्लिंगी आले होते. उलटपक्षी सर्वसाधारण परिभाषेच्या कायद्यात असा स्पष्ट नियम होता की, संदर्भास बाध येत नसेल तर पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही अंतर्भाव समजावा. पूर्णपीठाने ठरविले की, बाध येतो. कायदा करणाऱ्यांच्या मनात स्त्री-वकील नव्हतीच. अर्ज फेटाळला गेला. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटणा उच्च न्यायालयानेही याच वाटेने फेटाळला. म्हणजे १८९६ मध्ये पुण्यात जो ‘व्यक्ती’ शब्द कॉर्नेलियाबाईंना न्यायालयात घेऊन गेला, तोच वीस वर्षांनी कलकत्त्यास दाराशी आडवा झाला. परवानगीच्या कृपेने स्त्री व्यक्ती होऊ शकत होती, हक्काने नव्हे.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक विनोद सुचल्यावाचून राहात नाही. मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्दच स्त्रीलिंगी आहे. एखादा सहा फुटी फौजदारही मराठीत ‘ती व्यक्ती’ असतो. कलकत्त्याचा निकाल मराठीत लिहावयाचा झाला असता तर न्यायमूर्तींना सर्वनामापाशीच थांबावे लागले असते. अर्थात अडचण व्याकरणाची नव्हती. ज्यांना दार उघडावयाचे नसते त्यांना व्याकरण नेहमीच कडी म्हणून उपयोगी पडते.

कडी निघाली ती कोणत्याही भाषणाने नव्हे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ च्या ऑगस्टमध्ये कॉर्नेलियाबाईंचे नाव वकिलांच्या नोंदीत घालण्याचा निर्णय घेतला तो प्रशासकीय स्वरूपाचा होता. तेथे पक्षकार नव्हते, युक्तिवाद नव्हता, प्रेक्षक नव्हते. यानंतर १९२३ चा २३ वा अधिनियम झाला. त्यासाठी मध्यवर्ती विधिमंडळात ज्यांनी खटपट केली त्यांत डॉ. हरिसिंग गौर हे प्रमुख होते. मूळचे सागरचे, पण नागपुरात वकिली केलेले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले हे गृहस्थ विदर्भास अपरिचित नाहीत. त्यांच्या नावाशी हा कायदा जोडून स्मरणारे मात्र थोडे. अधिनियम अगदी लहान आहे. स्त्रियांच्या हक्काविषयीच्या ‘शंका दूर करण्यासाठी’ तो केला असे त्याच्या उद्देशिकेत म्हटले आहे, आणि केवळ स्त्री असल्याच्या कारणाने कोणीही वकिलीस अपात्र ठरणार नाही, एवढेच त्याचे सार. चोवीस वर्षे एका बाईला दाराबाहेर उभे केले त्याला कायद्याच्या भाषेत ‘शंका’ म्हणतात.

कॉर्नेलियाबाईंचा चरित्रपट करू पाहणाऱ्यास यांतून कळस सापडणे कठीण आहे. त्यांचे मुख्य कार्य न्यायालयाच्या बाहेर झाले. १९०४ पासून त्या बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या वतीने पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींचे काम पाहात होत्या. ज्या विधवा परपुरुषासमोर येत नसत, आणि त्यामुळे दिवाणजी वा दीर सांगेल त्या कागदावर अंगठा उठवीत, त्यांच्या माजघरात जाऊन त्यांची बाजू समजून घ्यावी व ती अधिकाऱ्यांपुढे मांडावी, असे ते काम. डोलीत, पालखीत, होडीत बसून शेकडो स्त्रिया व अज्ञान मुले यांच्यापर्यंत त्या पोचल्या. या कामात टाळी नाही. कारण माजघरात प्रेक्षक नसतो. शिवाय राजकीय मते पाहता बाई लोकप्रिय होण्यासारख्या नव्हत्या. ब्रिटिश राज्यावर त्यांची निष्ठा होती, गांधीजींना त्यांचा विरोध होता, आणि कॅथरीन मेयो हिच्या १९२७ च्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली. स्वातंत्र्य-आंदोलनाच्या पटावर त्यांना कोठे बसवावे हे कोणाही पटकथाकारास कोडे पडेल. १९५४ मध्ये त्या लंडनमध्ये वारल्या. आनंदीबाई जोशी यांच्यावरील ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) किंवा डॉ. रखमाबाई यांच्यावरील चित्रपट (२०१६) यांना जी करुणेची वा प्रतिकाराची सरळ रेषा लाभली, ती कॉर्नेलियाबाईंच्या चरित्रात नाही. माझ्या मते हे त्या चरित्राचे न्यून नव्हे. प्रेक्षकाच्या सवयीचे आहे.

मंगरूळपीरच्या त्या प्रयोगाकडे पुन्हा येऊ. चित्रपटानंतरच्या चर्चेत रूथला काय म्हणावे यावर प्रेक्षकांत एकमत नव्हते, आणि हे मतभेद कोणी मुद्दाम केलेले नव्हते. मुली तिला ‘वकील मॅडम’ म्हणत होत्या. एका गृहस्थांनी ‘त्या वकीलसाहेब’ असा प्रयोग केला. बोलता बोलता एका आईच्या तोंडून ‘वकीलीन’ हा वऱ्हाडी शब्द गेला, तशी शेजारची आजी म्हणाली, ‘वकीलीन म्हंजे वकिलाची बायको.’ आणि क्षणभर थांबून, ‘थे त हायच म्हना.’ मार्टिनही वकील होता, हे आजीच्या बरोबर ध्यानात होते.

आजीने एका वाक्यात जे सांगितले ते मराठीच्या प्रत्ययविचारातले एक प्रकरण आहे. ‘ईण’ हा प्रत्यय व्यवसायाच्या वा अधिकाराच्या नामास लागला म्हणजे प्रथम पत्नी असा अर्थ देतो. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. तिला पाटीलकी नसते. परंतु तोच प्रत्यय काळाच्या ओघात अर्थ पालटतो. मास्तरीणबाई म्हटले की आज शाळेत शिकविणारी बाई डोळ्यांपुढे येते, मास्तरांचे कुटुंब नव्हे. डॉक्टरीणबाईचेही तसेच झाले. हा पालट शब्दकोशकारांनी घडविला नाही. मुलींच्या शाळांत बाया शिकवू लागल्या, इस्पितळांत बाया नाडी पाहू लागल्या, तेव्हा लोकांनी जुनाच शब्द नव्या माणसाला दिला. ‘वकीलीण’ शब्दाचा असा पालट झाला नाही. १९२३ च्या कायद्याला शंभर वर्षे उलटून गेली तरी तो शब्द सोयरिकीतच राहिला, व्यवसायात आला नाही.

याचे एक कारण मूळ शब्दात शोधता येईल. ‘वकील’ हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला तो दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, मुखत्यार, या अर्थाने. मराठेशाहीत वकील हा दरबारांत राहणारा राजदूत होता. दिल्लीस पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे असे, आणि पेशव्यास बादशहाकडून मिळालेले वकील-इ-मुत्लक हे पद म्हणजे बादशहाच्याच वतीने कारभार करण्याचा अधिकार. मास्तरीण मुलांना शिकविते, डॉक्टरीण रोग्यास तपासते. त्या दोघींना दुसऱ्याच्या वतीने बोलावे लागत नाही. वकिलाच्या कामाचे मर्मच ते आहे. जिचे स्वतःचे म्हणणे घरात वडील, पती वा पुत्र यांच्यामार्फत मांडले जाई, तिने परक्या पुरुषाच्या वतीने चारचौघांत बोलावे, ही कल्पना मास्तरीण किंवा डॉक्टरीण यांच्याहून लोकमानसास अधिक जड गेली असावी. अर्थात हे अनुमान आहे. व्यवसायात स्त्रियांची संख्या उशिरा वाढली, एवढे साधे कारणही पुरेसे ठरू शकेल. दोन्ही कारणे एकमेकांस पूरक आहेत असे मला वाटते. प्रेक्षकांना सावित्री सापडली, पुंडलिक सापडला, आणि वकील तेवढी सापडली नाही, याचाही संबंध येथेच लागतो. जी भूमिका पाहावयाची तिला भाषेत घडीव नाव नसले की नजर तिच्यावरून घसरून ओळखीच्या रूपावर जाऊन थांबते.

त्यानंतर काही दिवस तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात, चहाच्या टपरीवर आणि मुद्रांकविक्रेत्याच्या टेबलाशी बसून हाच शब्द कानावर कसा येतो ते प्रस्तुत लेखिकेने टिपून ठेवले. फलकावरील ‘ॲड.’ हे संक्षिप्त रूप स्त्री-पुरुष दोघांस सारखेच असल्याने तेथे प्रश्न निर्माण होत नाही. बोलताना पक्षकार स्त्री-वकिलास ‘मॅडम’ म्हणतात. आवारातले लेखनिक ‘वकील मॅडम’ म्हणतात. खेड्यातून आलेल्या वृद्ध बाया ‘बाई’ म्हणतात, आणि क्वचित, फार आदराने, ‘वकीलसाहेब’. ‘वकीलबाई’ हा ग्रंथांत आढळणारा शब्द फक्त एका निवृत्त शिक्षकाच्या तोंडी ऐकू आला. ‘वकीलीन’ हा शब्द आवारात एकदाही आला नाही. तो आला तो आवाराबाहेर, भाजीबाजारात. पतिपत्नी दोघेही वकील असलेल्या एका जोडप्यातील पत्नीस भाजीवालीने ‘या वकीलीनबाई’ अशी हाक मारली. त्या थांबल्या, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, आणि जाताना भाजीवालीने पदराच्या गाठीतून एक घडी घातलेली नोटीस काढून त्यांच्यापुढे धरली. ‘साहेबाले दाखवा’ असे ती म्हणेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, ‘वाचून सांगा बरं, बाई, काय लिवलं हाय थे.’